‘जरा समजावून सांगा त्याला’: समुपदेशनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर माझं छोटंसं समुपदेशन केंद्र आहे. कुणी एकट्यानं येतं, कुणी जोडीनं, आणि दर गुरुवारी संध्याकाळी आठ जणांचा एक गट बसतो. येण्याआधी बहुतेक जण फोन करतात आणि फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. उत्तरं इथे एकदाची लिहून ठेवते. प्रसंगांमधले तपशील ओळख पटू नये अशा बेतानं बदलले आहेत.

समुपदेशन म्हणजे सल्लाच ना? तो तर घरचे फुकट देतात.

शब्दातच ‘उपदेश’ दडून बसलाय, त्यामुळे हा गैरसमज व्हायचाच. फोनवर मला सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘मॅडम, जरा समजावून सांगा त्याला’. हा ‘त्याला’ म्हणजे मुलगा, नवरा, सून, कधी कधी स्वतःचे वडीलसुद्धा. समजावून प्रश्न सुटत असते तर ते तुमच्या स्वयंपाकघरातच सुटले असते. समजावणाऱ्यांची आपल्याकडे कधी टंचाई नव्हती.

नोकरी सोडू की नको, असं एका बँक अधिकाऱ्यानं पहिल्याच भेटीत विचारलं. मला माहीत नव्हतं, आणि तसं मी सांगितलं. तो थोडा नाराज झाला. तिसऱ्या भेटीत कळलं की नोकरी सोडायची हे त्याचं वर्षभरापूर्वीच ठरलं होतं. अडलं होतं ते वडिलांना सांगण्यापाशी. मग आम्ही नोकरीचा विषय बाजूला ठेवला आणि वडिलांसमोर बोलायच्या चार वाक्यांवर दोन भेटी घालवल्या.

मग तुम्ही नेमकं करता काय? नुसतं ऐकता?

ऐकणं हे अर्धं काम आहे. घरी आपण दुसऱ्या वाक्याला पोचतो न पोचतो तोच कुणीतरी ‘अगं, त्यात काय एवढं’ म्हणून मोकळं होतं. इथे तुमचं वाक्य पूर्ण होतं. ते पूर्ण झाल्यावर स्वतःचंच बोलणं ऐकून दचकणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत.

उरलेलं अर्धं काम पद्धतीचं. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीत रुजवली ती मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी. या पद्धतीचं मर्म मराठीत एका अक्षरात सांगता येतं: ‘च’. ‘मला यश मिळावं’ ही इच्छा झाली, ‘मला यश मिळालंच पाहिजे’ हा हट्ट झाला. इच्छा पुरी झाली नाही तर वाईट वाटतं. हट्ट पुरा झाला नाही की माणूस कोसळतो, चिडतो किंवा स्वतःला नालायक ठरवून टाकतो. स्पर्धा परीक्षेच्या तिसऱ्या प्रयत्नात असलेल्या एका मुलीला मी रोज रात्री मनातले विचार जसेच्या तसे वहीत लिहायला सांगितलं होतं. पुढच्या भेटीत तिच्या हातात लाल पेन दिलं आणि ‘च’ दिसेल तिथे गोल करायला सांगितलं. ‘या वेळी परीक्षा निघालीच पाहिजे’, ‘आईला तोंड दाखवूच शकणार नाही’, ‘सगळे हसणारच’. दुसरं पान उलटताना ती स्वतःच हसायला लागली. चिंता त्या दिवशी गेली नाही, पण ती राहते कुठे हे तिला दिसलं.

सगळे जण जिला सीबीटी म्हणतात ती अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ आरॉन बेक यांची, विचार आणि वागणं बदलून भावनेपर्यंत पोचणारी पद्धतही मी वापरते. उदास माणसाला ‘बरं वाटलं की फिरायला जा’ म्हणून उपयोग नसतो. तिथे क्रम उलटा: आधी पाय उचलायचे, वाटणं मागून येतं. म्हणून मी गृहपाठ देते. तो न करता येणारेही खूप असतात, आणि का झाला नाही यावर बोलण्यात कधी कधी सगळ्यात मोलाची भेट होते.

समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांत फरक काय?

मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकिॲट्रिस्ट, हे आधी डॉक्टर. एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात एमडी किंवा तत्सम पदवी किंवा पदविका. औषधं लिहून देतात ती तेच. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. मानसिक चाचण्या आणि सखोल मानसोपचार हे त्यांचं क्षेत्र. समुपदेशकाचं शिक्षण बहुधा मानसशास्त्रात एमए आणि पुढे समुपदेशनाचा अभ्यासक्रम व देखरेखीखालचा सराव असं असतं. मी या तिसऱ्या गटातली. मी गोळ्या देत नाही, आणि कुणाच्या चालू गोळ्या बंदही करायला सांगत नाही.

आता एक कटू गोष्ट. ‘समुपदेशक’ अशी पाटी लावायला आपल्या देशात आजवर कुणी अडवलेलं नाही. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्यानं या व्यवसायाला आपल्या कक्षेत घेतलं, पण त्याचा अंमल पुरता बसलेला नाही. त्यामुळे दोन दिवसांचं शिबिर करून ‘माइंड कोच’ झालेलेही बाजारात आहेत. म्हणून बेधडक विचारा: शिक्षण काय, कुठे काम केलंत, तुमच्या कामावर देखरेख कुणाची? या प्रश्नांनी जो चिडतो त्याच्याकडे जाऊ नका. ‘तीन सेशनमध्ये डिप्रेशन मुळापासून’ अशी हमी देणाऱ्याकडे तर मुळीच नको.

गोळ्या घ्याव्या लागतील का? त्यांची सवय लागते म्हणे.

सगळ्यांना लागत नाहीत. पण झोप पार उडाली आहे, अन्न जात नाही, अंघोळीसाठी उठणंही जमत नाही, कानात आवाज येतात, कुणीतरी पाळत ठेवतंय अशी खात्री वाटते, किंवा दोन-तीन तासांच्या झोपेवर आठवडाभर अंगात वीज खेळतेय आणि पैसा पाण्यासारखा चाललाय, असं काही दिसलं तर मी आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. तिथे नुसत्या बोलण्यावर वेळ घालवणं हा गुन्हा होईल.

सवयीबद्दल: नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचं दारूसारखं व्यसन लागत नाही. त्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. नेमके त्याच काळात लोक ‘काही फरक नाही’ म्हणून सोडून देतात, किंवा पुढे बरं वाटल्यावर एकदम बंद करतात. दोन्ही चूक. झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची सवय मात्र खरंच लागू शकते, म्हणून त्या डॉक्टरांनी सांगितल्या तितकेच दिवस. शेजारच्या वहिनींच्या पाकिटातली अर्धी गोळी हा उपचार नव्हे.

माझं काही ‘एवढं’ झालेलं नाही. तरी यावं का?

या. हे वाक्य बोलणाऱ्यांचं पुष्कळदा बरंच ‘एवढं’ झालेलं असतं. २०१५-१६ साली बेंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढ त्या वेळी कुठल्या ना कुठल्या मानसिक आजारानं ग्रासलेले आढळले. शंभर पानांची पंगत बसली तर दहा पानं. आणि वेगवेगळ्या आजारांत उपचारांपर्यंत न पोचलेल्यांचं प्रमाण ७० टक्क्यांहून जास्त होतं.

शिवाय समुपदेशनाला आजारच व्हायला हवा असं नाही. बदली, बाळंतपण, निवृत्ती, आईचं जाणं, कर्जाचा हप्ता थकणं, मुलगा परदेशी गेल्यावर रिकामं झालेलं घर, ही कारणं पुरेशी आहेत. आपल्याकडे मनाचं दुखणं बऱ्याचदा अंगातून बोलतं. छातीत धडधड, पोटात गोळा, डोकं जड. ईसीजी, सोनोग्राफी, रक्त, सगळं नॉर्मल आल्यावर फॅमिली डॉक्टर म्हणतात, ‘टेन्शन घेऊ नका.’ कसं घ्यायचं नाही, ते सांगायला त्यांच्याकडे वेळ नसतो. तो माझ्याकडे असतो.

पहिल्या भेटीत काय होतं?

पन्नास मिनिटं. आधी एक संमतीपत्र वाचून सही, मग मी विचारते, ‘आज, याच आठवड्यात यावंसं का वाटलं?’ त्रास कधीपासून, झोप-भूक कशी, घरात कोण कोण, पूर्वी उपचार झाले का, व्यसन आहे का, जीव नकोसा वाटतो का, हे हळूहळू येतं. सगळं एकाच दिवशी सांगायचं बंधन नाही. रडू आलं तर रडा. टेबलावर कागदी रुमाल आणि तांब्या-भांडं दोन्ही असतं.

चपला दाराबाहेर काढू नका, आत कपाट आहे. पूर्वी बाहेर काढायची पद्धत होती. एक बाई दोनदा जिन्यावरूनच परत गेल्या. तिसऱ्या वेळी आल्यावर म्हणाल्या, ‘वरच्या मजल्यावर आमच्या ओळखीचे राहतात, माझ्या कोल्हापुरी ओळखतील.’ दुसऱ्याच दिवशी मी कपाट घेतलं.

मी बोललेलं बाहेर जाईल का?

नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि त्याआधीपासून तो आमच्या व्यवसायाचा पायाच आहे. फी भरणारे वडील असले तरी २३ वर्षांच्या मुलीचं बोलणं मी त्यांना सांगत नाही. ‘फी मी भरतो’ हे वाक्य ऐकवणारे वडील भेटतात. मी त्यांना चहा देते, माहिती देत नाही.

अपवाद मोजके आहेत आणि ते मी पहिल्याच भेटीत सांगते. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला तातडीचा धोका असेल, न्यायालयाचा आदेश असेल, किंवा अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर मला गप्प बसता येत नाही. शेवटच्या बाबतीत २०१२ चा पॉक्सो कायदा खबर देणं सगळ्यांवरच बंधनकारक करतो.

किती भेटी? किती खर्च?

आठवड्याला एक याप्रमाणे सहा ते बारा भेटींत पुष्कळांचं काम होतं. लहानपणापासूनच्या जखमा असतील तर वर्षही लागतं. पुण्यात खासगी भेटीला साधारण आठशे ते तीन हजार रुपये पडतात, जोडप्यांना थोडे जास्त. फी फोनवरच विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीनं धरावं असं २०१७ च्या कायद्यात आहे. मात्र बऱ्याच पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतात, नुसत्या भेटींचे नाही. पॉलिसीत ओपीडी आहे का ते पाहून घ्या.

त्याला यायचंच नाही. काहीतरी सांगून घेऊन येऊ का?

‘बीपी तपासायला जाऊ’ म्हणून आणलेला माणूस माझ्यासमोर पन्नास मिनिटं पंख्याकडे बघत बसतो, आणि घरी गेल्यावर तुमच्यावरचा त्याचा विश्वास आणखी उतरतो. नका आणू. त्याला खरं सांगा: ‘मला तुझी काळजी वाटते, मी एका समुपदेशकांशी बोलणार आहे, तुला यावंसं वाटलं तर ये.’

आणि तुम्ही या. फोन दुसऱ्यासाठी येतो, पण झोप बहुतेक वेळा फोन करणाऱ्याचीच उडालेली असते. दारू पिणाऱ्या मुलाची आई स्वतः सहा महिने येत होती. मुलगा एकदाही आला नाही. पण आईनं त्याची उधारी फेडणं थांबवलं, रात्री दोन वाजेपर्यंत दिवा लावून बसणं थांबवलं, भजनी मंडळात पुन्हा जायला लागली. मुलाचं पुढे काय झालं ते या गोष्टीत येत नाही, कारण ती गोष्ट आईची आहे.

जोडप्यांच्या भेटीत तुम्ही कुणाची बाजू घेता?

दोघंही येतात ती मला न्यायाधीश समजून. सोफ्यावर कोण कुठे बसतं, मधल्या उशीचं काय होतं, हे मी बघत असते. लग्नाला आठ वर्षं झालेलं एक जोडपं. भांडण सासूबाईंच्या मुक्कामावरून.

‘मी हिला विचारलं होतं, आईला आणू का म्हणून.’

‘विचारलं नव्हतंस. सांगितलं होतंस.’

मी त्याला म्हटलं, त्या दिवशीचं वाक्य आठवेल तसं म्हणून दाखवा. तो म्हणाला, ‘आई पंधरा तारखेला येतेय, चालेल ना?’ आणि थांबला. त्याचं त्यालाच ऐकू आलं. पुढची वीस मिनिटं आम्ही त्या ‘ना’वरच होतो. तिला सासूबाई नको नव्हत्या. तिला तो ‘ना’ नको होता. मग त्यानं तेच वाक्य तिच्यासमोर तीन-चार प्रकारे म्हणून पाहिलं. हे वाचायला बालिश वाटेल, पण दोघांचेही हात थरथरत होते.

अशा खोलीत बाजू घ्यायचीच तर मी नात्याची घेते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी वर्षानुवर्षं जोडप्यांची भांडणं अभ्यासून चार घातक सवयी सांगितल्या: सतत टीका, तुच्छता, स्वतःचा बचाव आणि भिंत होऊन बसणं. चौथ्या सवयीला आपल्याकडे शब्द आहे, अबोला. चार-चार दिवस चालतो, आणि निरोप पोरांमार्फत जातात: ‘बाबांना सांग, पान वाढलंय.’ निरोप्या झालेलं ते सात वर्षांचं पोर पुढे कधीतरी स्वतंत्रपणे माझ्याकडे येतं. चारांत सगळ्यात विषारी तुच्छता, असं गॉटमनही म्हणतात आणि मीही. रागातून नातं परत येतं. ‘तुला काय कळतंय’ रोज ऐकलेल्या माणसाचं परत येणं अवघड.

सासूबाईंनाही घेऊन यायचं का?

सुरुवातीला नको. दोघांचं आपसांत काय चाललंय ते कळल्यावर, दोघांना वाटलं तर एखादी भेट सगळ्यांची. आईला आणून तिच्यासमोर बायकोला ‘समजावून’ घ्यायचा बेत असेल तर तो मी फोनवरच मोडते.

घरात मारहाण होते. तरी जोडीनं यावं का?

नाही. जिथे हात उचलला जातो तिथे जोडीची भेट धोक्याची ठरते, कारण इथे बोललेल्याची किंमत घरी गेल्यावर मोजावी लागते. एकट्या या. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. महिलांसाठी १८१ आणि तातडीला ११२ हे क्रमांक आहेत.

घटस्फोटाचं ठरलंय. आता समुपदेशनाचा काय उपयोग?

समुपदेशन म्हणजे संसार वाचवण्याची मोहीम, हा गैरसमज. नीट वेगळं होता येणं हेही काम आहे, विशेषतः मुलं असतील तर. त्यांना कोण, कधी, कोणत्या शब्दांत सांगणार यावर मी एक भेट राखूनच ठेवते.

कौटुंबिक न्यायालयातले विवाह समुपदेशक वेगळे. १९८४ च्या कायद्यानं ही न्यायालयं आली आणि त्यांच्याबरोबर न्यायालयीन समुपदेशकही. तिथली भेट खटल्याचा भाग असते. परस्पर संमतीच्या घटस्फोटातला सहा महिन्यांचा थांबा न्यायालय योग्य प्रकरणात माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली सांगितलं आहे. त्याबाबत वकिलांनाच विचारा.

लग्नाआधीही या. पत्रिका बघायला तीन गुरुजी आणि पैसा, मूल, आईवडील, घरकाम यांवर एकदाही बोलणं नाही, असं किती ठिकाणी होतं!

गटात अनोळखी लोकांपुढे मी काय बोलणार?

पहिल्या दिवशी बहुधा काहीच नाही, आणि ते चालतं. गुरुवारच्या गटात गोलात आठ खुर्च्या असतात, नव्वद मिनिटं. आडनाव सांगायचं नाही, हा पहिला नियम. आडनाव कळलं की मराठी माणूस पुढचं सगळं स्वतःच ठरवून टाकतो. मोबाइल टोपलीत. इथलं बोलणं इथेच. आणि न मागता सल्ला द्यायचा नाही. हा चौथा नियम सगळ्यात आधी मोडतो. ‘तुम्ही ना, सकाळी उठून प्राणायाम...’ इथवर आलं की बाकीचे सातही जण हसतात.

मागे एका गुरुवारी पन्नाशीचे एक गृहस्थ म्हणाले, ‘लिफ्टमध्ये दुसरं कुणी असलं की मी जिना घेतो. ते बघतील, मी घामेजलेला दिसेन, असं वाटतं.’ शांतता. मग समोरची कॉलेजातली मुलगी म्हणाली, ‘मी सहाव्या मजल्यावर राहते, रोज चढते.’ मी काहीही बोलले नव्हते. तीस वर्षं ज्या गोष्टीला आपण आपलीच विकृती समजत होतो ती समोरच्या खुर्चीतही बसली आहे, हे कळणं मला एकास एक भेटीत देता येत नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ इरविन यालोम यांनी गटाच्या गुणकारी घटकांची यादी केली आहे, त्यातही ही ‘मी एकटा नाही’ची जाणीव ठळक आहे.

महाराष्ट्राला हे नवं नाही. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात गट हा उपचाराचा कणाच आहे, आणि व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट. अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या बैठका इथे मराठीतून चालतात, फी लागत नाही. स्किझोफ्रेनिया या भास आणि संशय निर्माण करणाऱ्या गंभीर मानसिक आजारासाठी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचे आधारगट आहेत. या मंडळींमध्ये ‘रुग्ण’ आणि ‘नातेवाईक’ म्हणत नाहीत, ‘शुभार्थी’ आणि ‘शुभंकर’ म्हणतात. मला हे दोन शब्द फार आवडतात.

गट सगळ्यांसाठी नाही. जवळचं माणूस परवाच गेलंय, भास होताहेत, पिऊन यायची सवय सुटलेली नाही, अशांना मी आधी एकेकटं भेटते. आणि गटात ओळखीचं कुणी निघालंच तर दोघांपैकी एकाची सोय दुसरीकडे करते.

घरचे म्हणतात ‘बाहेरचं’ आहे, आधी देवऋषाकडे जाऊ.

देवाला हात जोडायला माझी ना नाही. नवसानं बळ येत असेल तर जरूर बोला. पण कोंडणं, उपाशी ठेवणं, चटके, मार, हे भूत उतरवायच्या नावाखाली झालं तर महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे. चालू गोळ्या मात्र कुठल्याही गुरुवारच्या उपासासाठी थांबवू नका.

मुलगा म्हणतो, त्याला मुलगेच आवडतात. समुपदेशनानं बदलेल का?

नाही, आणि तसा प्रयत्न मी करणार नाही. तो आजार नाही. असं ‘बदलवण्याचे’ उपचार करणं डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरतं, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ साली स्पष्ट केलं आहे. आईबाबांना धक्का बसलेला असतो, तो मी समजू शकते. त्यासाठी तुम्ही दोघं या.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मराठीतूनच बोलायचं आहे, ऑनलाइन होईल का?

व्हिडिओवर होतं, आणि मराठीतून हवं असणं अगदी रास्त आहे. ‘घालमेल’ सांगायला इंग्रजीत किती वाक्यं लागतात ते तुम्हाला माहीत आहेच. अडचण नियमांची. अमेरिकेत ज्या राज्यात तुम्ही बसलेले असता तिथला परवाना लागतो, तो माझ्याकडे नाही. म्हणून तिथला मराठी बोलणारा परवानाधारक आधी शोधा. संकटकाळी तुमच्या दारात मदत पाठवणंही त्यालाच जमेल. पुण्या-मुंबईतल्यांनी ऑनलाइन बसताना खोलीचं दार लागतं का ते पाहावं. बाल्कनीत, पार्क केलेल्या गाडीत, गच्चीवर टाकीमागे बसून बोलणारे माझ्याकडे आहेत.

परवडत नाही. दुसरा मार्ग?

आहे. टेली-मानस, क्रमांक १४४१६. मानसिक आरोग्यासाठी फोनवरून मदत देणारी केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. दिवसरात्र, मोफत, मराठीतूनही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात चौकशी करा. राज्यात पुण्याला येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, आणि त्यांच्या बाह्यरुग्ण विभागात जायला दाखल व्हावं लागत नाही. गोव्यात बांबोळीची मनोविकार संस्था आहे. विद्यापीठांच्या मानसशास्त्र विभागांतही कमी फीत भेटी मिळू शकतात.

जगणं नको वाटतं. हे सांगितलं तर पोलिसांत जाईल का?

विचार मनात येणं हा गुन्हा नाही आणि तो सांगितल्यानं पोलीस येत नाहीत. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसावर तीव्र ताण होता असंच २०१७ चा कायदा गृहीत धरतो आणि त्याला उपचार देणं सरकारचं काम ठरवतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुन्या दंडसंहितेतलं कलम ३०९ तसं राहिलेलं नाही.

विचार आत्ता, या क्षणी तीव्र असेल तर माझ्या वेळेची वाट पाहू नका. १४४१६ किंवा ११२ लावा, जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा, एकटे राहू नका. घरच्यांनी कीटकनाशकाची बाटली, गोळ्यांचा साठा, दोर आधी घराबाहेर काढावा. ‘तुला मरावंसं वाटतंय का?’ असं सरळ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. विचारल्यावर सुटलेला सुस्कारा मी समोर बसून ऐकलेला आहे.

तुम्ही पटला नाहीत तर?

तर सांगा. ‘मागच्या वेळचं तुमचं बोलणं मला लागलं’ असं मला ऐकवणारे फार थोडे असतात, बाकीचे फोन उचलायचा बंद करतात. तीन-चार भेटींनंतरही जमत नसेल तर मी दुसरी दोन नावं देते. पुरुष समुपदेशक हवा, आपल्या जातीचा नको, आपल्याच जातीचा हवा, वयानं मोठी बाई हवी, सगळं विचारून झालेलं आहे. कशाचंही मला वाईट वाटत नाही.

फोन केल्यावर काय बोलायचं तेच सुचत नाही.

‘वेळ हवी आहे’ एवढं पुरे. दुपारी एक ते दोन मी स्वतः फोन घेते. नाव सांगायची गरज नाही, कारणही नाही. ‘एका मैत्रिणीसाठी विचारतेय’ म्हणालात तरी चालेल, मैत्रिणीला कुठला वार सोयीचा आहे तेवढं सांगा.